गरमी नक्की पसरते कशी? (रक्तपेढीतून फोन आलाय)

नाव_नको · ३ फेब्रुवारी, रात्री ११:४२

नेहमीच्या आयडीने लिहायची हिंमत होत नाही, म्हणून हा नवा काढला. जुने लोक भाषेवरून ओळखतील कदाचित. ओळखलंत तर कृपया मनात ठेवा.

२६ जानेवारीला आमच्या कंपनीत रक्तदान शिबिर होतं. गेली नऊ वर्षं मी न चुकता देतो. बिस्किटांचा पुडा, सर्टिफिकेट, घरी येऊन मुलीला दंडावरची पट्टी दाखवायची, सगळं ठरलेलं. पाचव्या दिवशी रक्तपेढीतून फोन आला, "सर, तुमच्या सॅम्पलबद्दल बोलायचं होतं. फोनवर नको, येऊन जाल का?" गेलो. तिथल्या मॅडमनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की व्हीडीआरएल रिअॅक्टिव्ह आलीय, सिफिलिसची शंका आहे, खात्रीची दुसरी तपासणी करून घ्या. सिफिलिस म्हणजे काय ते मला कळेना. मग त्या म्हणाल्या, "गरमी हो, गरमी." हा शब्द मी आजवर फक्त एसटी स्टँडच्या मुतारीच्या भिंतीवर वाचला होता.

वय ४४. लग्नाला सोळा वर्षं. बाहेर संबंध म्हणावेत असं काहीही नाही. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, नुसता आठवतोय. सलूनमधलं ब्लेड? जिममधला टॉवेल? कामासाठी सुरतला जातो तिथल्या लॉजची चादर? रेल्वेचा संडास? गणपतीत सगळ्यांनी एकाच ग्लासातून प्यायलेलं सरबत?

हा रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे नक्की जातो कसा, हे कुणी नीट सांगेल का? नेटवर वाचलं की डोकं अजून फिरतं. आणि घरी मुलगी आहे, ११ वर्षांची, माझ्या ताटात जेवते.

खवचट_काका · ३ फेब्रुवारी, रात्री ११:५८

रेल्वेच्या संडासातून होत असता तर आमची अख्खी पिढी आज त्याच वॉर्डात असती.

रक्तगट_ओ · ४ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

काका, माणूस झोपलेला नाही तीन रात्री. जरा दमानं.

नाव_नको, मी रक्तपेढीत टेक्निशियन आहे, १७ वर्षं झाली. रक्ताच्या प्रत्येक पिशवीवर आपल्याकडे पाच तपासण्या सक्तीच्या असतात: एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, मलेरिया आणि सिफिलिस. यातलं काहीही रिअॅक्टिव्ह आलं की पिशवी बाद. तेव्हा तुमचं रक्त कुणाला दिलं गेलं असेल ही धास्ती आधी डोक्यातून काढा.

दुसरं, रिअॅक्टिव्ह म्हणजे रोग आहेच असं नाही. व्हीडीआरएल ही चाळणी आहे. ती सिफिलिसच्या जंतूला थेट ओळखत नाही, शरीरात झालेल्या पडझडीतून तयार होणारी प्रतिद्रव्यं पकडते. मलेरिया, कुष्ठरोग, ल्युपस, गरोदरपण, कधी नुसतं म्हातारपण, एवढ्यानेही ती उगाच वाजते. म्हणून टीपीएचए करायची. ती त्याच जंतूविरुद्धची प्रतिद्रव्यं बघते. शिवाय व्हीडीआरएल किंवा आरपीआरचा (तशीच दुसरी चाळणी) टायटर मागून घ्या, म्हणजे रक्त किती पटीने पातळ केलं तरी चाचणी वाजते ते सांगणारा १:२, १:८, १:३२ असा आकडा. नुसतं पॉझिटिव्ह लिहिलेल्या कागदावरून डॉक्टरला पुढचं काही ठरवता येत नाही.

एक प्रश्न, इथे उत्तर दिलं नाहीत तरी चालेल. याआधीचं रक्तदान कधी केलं होतं?

नाव_नको · ४ फेब्रुवारी, सकाळी ९:०३

१५ ऑगस्टला. तेव्हा काही फोन आला नव्हता.

त्वचावैद्य · ४ फेब्रुवारी, दुपारी २:३०

सरकारी इस्पितळाच्या स्किन-व्हीडी (त्वचा आणि गुप्तरोग) ओपीडीत २६ वर्षं काढून आता निवृत्त आहे. इथे मुख्यतः नाट्यसंगीताच्या धाग्यांवर असतो, पण हा विषय माझा.

आधी जंतू. बारीक, मळसूत्रासारखा पिळदार, इतका फिका की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. १९०५ साली बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन यांनी तो शोधला. माणसाच्या बाहेर हा जंतू अगदीच दुबळा. वाळला की मेला, तापला की मेला, साबण लागला की मेला. शाउडिननंतर शंभराहून अधिक वर्षं तो प्रयोगशाळेत टिकवून वाढवणं कुणाला जमलं नाही. सशाच्या अंडकोषात टोचून जिवंत ठेवावा लागे. सशाच्या पेशींसोबत काचेच्या भांड्यात सलग वाढवण्यात यश आलं ते २०१८ मध्ये. आता तुम्हीच सांगा, शास्त्रज्ञांनी इतके लाड करूनही जो काचेत जगेना, तो लॉजच्या चादरीवर तुमची वाट बघत बसेल का? टॉवेल, संडास, पोहण्याचा तलाव, दाराची कडी, ताट-वाटी, डास: यांतल्या कशानेही नाही. मुलीला खुशाल ताटात जेवू द्या.

मग जातो कसा? जखमेतून. हे एवढं एक कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

जंतू जिथून आत शिरतो त्याच जागी साधारण तीन आठवड्यांनी (१० ते ९० दिवसांत कधीही) एक चट्टा उठतो. बहुधा एकच, कडा टणक, तळ स्वच्छ, हाताला लागला तर शर्टाच्या बटणासारखा. आणि तो दुखत नाही. माझ्या सगळ्या नोकरीत या एका गोष्टीने जितकं नुकसान केलेलं पाहिलं तितकं दुसऱ्या कशाने नाही. दुखलं असतं तर माणूस दुसऱ्या दिवशी दारात आला असता. दुखत नाही, खाजत नाही, तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येतं. माणूस म्हणतो, गेलं. त्या जखमेच्या ओलाव्यात जंतू वळवळत असतात आणि संबंधाच्या वेळी समोरच्याच्या ओल्या, नाजूक त्वचेला ती घासली की पलीकडे जातात. डोळ्यांना दिसणारी चीर लागत नाही, न दिसणारं खरचटणं पुरतं. १९५६ साली अमेरिकेत सिंग सिंग तुरुंगातल्या कैद्यांना हे जंतू टोचून मोजणी केली गेली (असा प्रयोग आज कुणी सुचवला तरी त्याची नोकरी जाईल), त्यात निघालं की जेमतेम ५७ जंतू निम्म्या लोकांना रोग द्यायला पुरे होतात. जखम असलेल्याशी संबंध आलेल्यांपैकी साधारण तिघांत एकाला लागण होते असं आम्ही धरून चालतो.

जखम कुठेही असू शकते. लिंगावर असली तर दिसते तरी. योनीच्या आत, गर्भाशयाच्या मुखावर, गुदद्वारात असली तर तिच्या मालकालाही पत्ता नसतो. आणि ओठावर, जिभेवर, टॉन्सिलवरही असते. मुखमैथुनाने गरमी होते. पुन्हा लिहितो, होते. "आम्ही काही पुढे गेलो नाही डॉक्टर" हे वाक्य मी शेकड्यांनी ऐकलंय. तोंडात जखम असताना ओठांवर घेतलेल्या दीर्घ चुंबनानेही होऊ शकते.

दुसरा टप्पा आठवड्यांनी किंवा काही महिन्यांनी येतो. अंगावर पुरळ, विशेषतः तळहात-तळपायांवर तांबूस डाग, न खाजणारे. बारीक ताप, गाठी, डोक्याचे केस उंदराने कुरतडल्यासारखे जाणं, तोंडात पांढुरके चट्टे, जांघेत-गुदद्वाराशी ओलसर चपटे फोड. कोरडं पुरळ फारसं पसरवत नाही. ओले चट्टे आणि फोड मात्र जंतूंनी गच्च भरलेले. हेही आपोआप जातं. मग रोग दडून बसतो. बाहेर काही नाही, रक्तात आहे. पहिल्या वर्षात ओले चट्टे परत उठू शकतात, त्यामुळे तेव्हा धोका असतो. पुढे शरीरसंबंधातून तो सहसा जात नाही, पण गरोदर बाईच्या नाळेतून बाळाकडे मात्र वर्षांनंतरही जाऊ शकतो. आणि उपचार झालेच नाहीत तर काहींना १० ते ३० वर्षांनी हृदयाजवळची महाधमनी, मेंदू, हाडं. डोळे, कान आणि मज्जासंस्थेला तर तो कुठल्याही टप्प्यावर धरू शकतो, म्हणून अचानक दिसेनासं-ऐकू येईनासं झालं तर थांबायचं नाही.

ब्लेडबद्दल: शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकांत न्हाव्याच्या वस्तऱ्याच्या, गोंदणाच्या सुईला थुंकी लावण्याच्या गोष्टी सापडतात. काचकारखान्यातले कामगार एकच फुंकणी ओल्या तोंडाने एकमेकांना देत, त्यांच्यात ओठांवर चट्टे निघाल्याच्या नोंदी आहेत. १८६१ साली इटलीतल्या रिवाल्ता गावात देवीची लस एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर टोचत गेले, पहिल्या मुलाला सिफिलिस होता, तो मुलांमुलांत गेला. नीट बघा, यातही ओली जखम किंवा थुंकी लगोलग दुसऱ्याला लागलीच आहे. पडून राहिलेली वस्तू कुठेच नाही.

मिताली_प · ४ फेब्रुवारी, दुपारी ३:१०

डॉक्टर, सातवा महिना चालू आहे. पहिल्या तीन महिन्यांत व्हीडीआरएल केली होती, निगेटिव्ह. परत करायची असते का? विषयांतर असेल तर माफ करा.

त्वचावैद्य · ४ फेब्रुवारी, दुपारी ३:४४

विषयांतर कसलं? याहून विषयाला धरून काय असणार.

नवऱ्याच्या बाजूने किंवा तुमच्या बाजूने मधल्या काळात शंकेला जागा असेल तर शेवटच्या तीन महिन्यांत परत करतात. नसेल तर तुमच्या डॉक्टरीणबाई ठरवतील. आईला ताजी, उपचार न झालेली लागण असेल तर बाळाकडे जाण्याचं प्रमाण फार मोठं, दहात सात आणि त्याहून जास्त. पोटात दगावणं, दिवस भरण्याआधी जन्म, वाहणारं नाक, पुढे बहिरेपण, डोळ्याच्या बुबुळाची सूज, खाचा पडलेले दात. आणि हे टाळायला लागतं काय, तर आईला पेनिसिलीन, बाळंतपणाच्या किमान महिनाभर आधी. क्युबाने २०१५ मध्ये आणि शेजारच्या श्रीलंकेने २०१९ मध्ये आईकडून बाळाला होणारा सिफिलिस संपवल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं. श्रीलंकेकडे आपल्याहून वेगळं औषध नाही.

दुधातून जात नाही. स्तनावर जखम असेल तरच त्या बाजूने पाजायचं नाही.

सुमनताई · ४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:२०

नाव_नको, मी सुरक्षा क्लिनिकमध्ये समुपदेशक होते. गुप्तरोगांसाठी सरकारी रुग्णालयात हीच पाटी असते, तुम्ही पाहिली असेल आणि पुढे गेला असाल.

तुम्ही लिहिलंत, "संबंध म्हणावेत असं काहीही नाही." हे वाक्य माझ्या टेबलासमोर बसून पुष्कळ जणांनी म्हटलंय, आणि खोटं बोलत नसत कुणी. त्यांच्या लेखी ते संबंध नव्हतेच. म्हणून मी कधी "बाहेर जाता का?" असं विचारलं नाही. विचारायचे, "गेल्या वर्षभरात तोंडाचा, हाताचा, कुठलाही, कुणाशीही जवळचा प्रसंग? बाई असो, पुरुष असो, मला दोन्ही सारखंच." मग दोन मिनिटं गप्प बसायचं. खिडकीबाहेर बघायचं. तिसऱ्या मिनिटाला माणूस बोलतो.

इथे बोलू नका. तिथे जाऊन बोला. केसपेपरवर काय लिहायचं ते त्यांना कळतं. जायचं धैर्य होत नसेल तर आधी १०९७ ला फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि जाल तेव्हा एचआयव्हीचीही तपासणी करून घ्या. गरमीची जखम म्हणजे त्या विषाणूला उघडं दार.

गोंयकार_पणजी · ४ फेब्रुवारी, रात्री ८:०५

थोडं अवांतर, पण कशी पसरते याच्याशी नातं आहे. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या 'भावप्रकाशा'त याला नावच फिरंग रोग. कसा होतो तेही सांगितलंय: फिरंग्यांच्या अंगसंसर्गाने आणि फिरंगिणीशी प्रसंग केल्याने. जंतूचा पत्ता नसताना मार्ग अगदी बरोबर पकडला. उपाय म्हणून पारा आणि चोपचिनी हे औषधी मूळ. त्याच चोपचिनीबद्दल गार्सिया द ऑर्ता या वैद्याने गोव्यात लिहिलं, पुस्तक इथेच १५६३ साली छापलं. आमच्या गावाचा दोन्ही टोकांना हात आहे म्हणायचा, रोग उतरवून घेण्यात आणि औषध लिहून ठेवण्यात.

खवचट_काका · ४ फेब्रुवारी, रात्री ८:३०

म्हणजे आपण फिरंगी म्हणालो. इटलीवाले फ्रेंच रोग म्हणत, फ्रेंच म्हणत नेपल्सचा, रशियन म्हणत पोलिश. प्रत्येकाच्या घरी तो शेजाऱ्याकडूनच आलेला.

(काल रात्रीच्या विनोदाबद्दल सॉरी, नाव_नको.)

मावळतीकर · ४ फेब्रुवारी, रात्री ९:१२

काकांच्या यादीत इंग्रज सरकारही घाला. गोऱ्या शिपायांना फार गरमी होते म्हणून १८६८ साली हिंदुस्थानात सांसर्गिक रोगांचा कायदा आणला. वेश्यांची नोंदणी, सक्तीची तपासणी, रोग दिसला तर लॉक हॉस्पिटलात, म्हणजे गुप्तरोगाच्या इस्पितळात, डांबायचं. तो कायदा शिपायांच्या सक्तीच्या तपासणीबद्दल अक्षर काढत नव्हता. रोग दोघांत फिरतो आणि पकडायचं एकीला! १८८८ मध्ये कायदा रद्द झाला. त्वचावैद्य सांगतायत ते वाचून लक्षात येतं की तो चाललाच नसता, न दुखणारा चट्टा घेऊन शिपाई मोकळाच फिरत होता. बाईची जखम तर आत, डॉक्टरलाही सहज न दिसणारी.

अटलांटाकर · ५ फेब्रुवारी, पहाटे ४:५०

आमच्या शेजारच्या अलाबामा राज्यात टस्कीगी आहे, इथून गाडीने दोन-अडीच तास. तिथे १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, सरकारी आरोग्य खात्याने ३९९ सिफिलिसग्रस्त काळ्या पुरुषांना उपचार न देता नुसतं न्याहाळलं. त्यांना सांगितलं होतं "तुमचं रक्त खराब आहे". पेनिसिलीन सर्रास मिळायला लागल्यावरही दिलं नाही. तो 'अभ्यास' पुरुषांचा होता, पण रोगाला ते कोण सांगणार? ४० बायकांना लागण झाली, १९ मुलं रोग घेऊन जन्मली. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली.

नागझिरा · ५ फेब्रुवारी, सकाळी १०:४०

मी आदिवासी भागात आरोग्य सेवक होतो. एक भर घालतो. या जंतूचा सख्खा भाऊ याज नावाचा रोग करायचा. लहान मुलांना, उघड्या पायावरच्या फोडांतून, खेळता-खेळता, नुसत्या त्वचेच्या स्पर्शाने. शरीरसंबंधाचा संबंधच नाही. ज्या राज्यांत तो होता त्यांत महाराष्ट्रही होता. देशात शेवटचा रुग्ण २००३ मध्ये सापडला आणि २०१६ मध्ये भारत याजमुक्त जाहीर झाला. मुद्दा असा की लहानपणी याज झालेल्या म्हाताऱ्या माणसाची टीपीएचएसुद्धा पॉझिटिव्ह येते, दोन्ही भाऊ रक्तात सारखेच दिसतात. सत्तरीच्या आजीचा रिपोर्ट बघून घरात महाभारत करू नये.

रक्तगट_ओ · ५ फेब्रुवारी, सकाळी ११:१५

नागझिरा, हे माहीत नव्हतं. आभार.

मला व्यनिमध्ये (खाजगी निरोपात) दोघांनी विचारलंय की रक्त चढवून हा रोग होतो का. होऊ शकतो, पूर्वी माणसाशेजारी माणूस झोपवून ताजं रक्त देत तेव्हा व्हायचाही. आता तपासणी आहे, शिवाय लाल पेशींची पिशवी ४ अंशाला ठेवतात आणि त्या थंडीत हा जंतू काही दिवसांत मरतो. प्लेटलेट मात्र खोलीच्या तापमानाला ठेवाव्या लागतात, म्हणून चाळणी सोडून चालत नाही.

नाव_नको · ९ फेब्रुवारी, रात्री १२:२०

चार दिवस आलो नाही. टीपीएचए पॉझिटिव्ह. आरपीआर १:३२. एचआयव्ही निगेटिव्ह.

सुमनताई, तुमचं वाक्य वाचून आधी राग आला. मग जाऊन बसलो. त्या मॅडमही खिडकीबाहेरच बघत होत्या.

सप्टेंबरमध्ये सुरतला एक प्रसंग झाला. तुमच्या भाषेत तोंडाचा. मी तो मोजलाच नव्हता. ऑक्टोबरच्या सुरुवातीला खालच्या ओठाच्या आत एक फोड आला होता, मी तोंड आलंय म्हणून बी-कॉम्प्लेक्स घेतलं. दुखत नव्हता, आणि त्याचंच बरं वाटलं होतं. दिवाळीनंतर तळहातांवर डाग आले. बायको म्हणाली फटाक्यांच्या दारूने असेल. घराजवळच्या डॉक्टरांनी अॅलर्जीच्या गोळ्या दिल्या, पंधरा-वीस दिवसांत गेले. तेव्हा रक्त तपासायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

इंजेक्शन झालं. दोन्ही कुल्ल्यांवर अर्धं-अर्धं. बसता येत नाहीये. रात्री थंडी वाजून ताप आला, घाबरलो, पण त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

आता बायको. तिला काहीच त्रास नाही. एवढ्यात तिला सांगायची गरज आहे का? मी बरा होतोय, कंडोम वापरतो म्हणतो सहा महिने.

त्वचावैद्य · ९ फेब्रुवारी, सकाळी ६:४५

ताप हा मेलेल्या जंतूंचा गोंधळ असतो, दिवसभरात जातो. तुम्हाला दिलंय ते बेन्झाथिन पेनिसिलीन, २४ लाख युनिट. संधिवाताने हृदयाची झडप बिघडलेल्या मुलांना वर्षानुवर्षं देतात तेच. सुरुवातीच्या टप्प्यात एकदा पुरतं. रोग वर्षाहून जुना किंवा किती जुना ते कळत नसेल तर दर आठवड्याला एक असे तीन. पेनिसिलीनची अॅलर्जी असली तर डॉक्सीसायक्लिन १४ दिवस, पण गरोदर बाईला नाही, तिला पेनिसिलीनच द्यायचं, हळूहळू सवय करून का होईना.

बायकोला सांगायची गरज आहे का? आहे. ऑक्टोबरमधला ओठातला फोड आणि नंतरचे महिने, दोन्ही काळांत तुम्ही तिच्याजवळ होता ना? तिला आज काही दिसत नाही याचा अर्थ इतकाच की तिला दिसत नाही. आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी गेल्या ९० दिवसांत तुमच्याशी संबंध आला असेल तर तिलाही इंजेक्शन द्यायचं असतं, कारण रक्तात दिसायला वेळ लागतो.

कंडोम झाकतो तेवढ्यापुरता राखतो. तुमचा चट्टा ओठाच्या आत होता. तो कुठल्या कंडोमने झाकला असतात?

सुमनताई · ९ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

डॉक्टरांनी औषधाचं सांगितलं, मी माणसांचं सांगते.

आमच्याकडे नवरा एकटा यायचा, टोचून घ्यायचा, घरी ब्र काढायचा नाही. चार महिन्यांनी परत हजर, टायटर पुन्हा वर. "मॅडम, मी कुठे गेलोच नाही." खरंच कुठे गेलेला नसायचा. त्यानेच आधी बायकोला दिलेलं, तिच्याकडून परत त्याला. या रोगाची प्रतिकारशक्ती येत नाही, दहादा होऊ शकतो. म्हणून दोघांचं एकदमच, आणि जखमा भरेपर्यंत, निदान इंजेक्शननंतर आठवडाभर, एकमेकांपासून लांब. सुरक्षा क्लिनिकमध्ये जखमेसाठी पांढऱ्या रंगाचं किट असतं. जोडीदाराचंही मागून घ्या.

कसं सांगायचं विचारलं नाहीत, तरी सांगते. मुलगी शाळेत असताना सांगा. संडास, टॉवेल, लॉज यातलं काहीही पुढे करू नका, वहिनी नेटवर दहा मिनिटांत शोधून काढतील आणि मग दोन खोट्यांचा हिशेब द्यावा लागेल. आधी रोगाचं सांगा, इंजेक्शनने जातो हे सांगा, मग कुठून आला ते. रडतील, बोलणार नाहीत, माहेरी जाईन म्हणतील. त्या दिवशी इंजेक्शनचा हट्ट धरू नका, दुसऱ्या दिवशी धरा. एकट्याने जमत नसेल तर क्लिनिकमध्ये घेऊन या, समुपदेशक सोबत बसतात.

सुरतच्या माणसालाही कळवता आलं तर कळवा. नाव, चिठ्ठी काही नको, "रक्त तपासून घे" एवढा निरोप.

मिताली_प · ९ फेब्रुवारी, सकाळी ९:०२

सुमनताई, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. त्याने काही न बोलता स्वतःची टेस्ट लावली. कारण काही नाही म्हणतो, "तू दर महिन्याला सुया टोचून घेतेस, मी एक घेतो."

नाव_नको · २१ फेब्रुवारी, रात्री १०:५५

सांगितलं. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

तिचा रिपोर्ट निगेटिव्ह. तरी इंजेक्शन घेतलं, डॉक्टरांनी तुम्ही लिहिलंत तेच ९० दिवसांचं कारण सांगितलं. येताना रिक्षात ती एका कडेला, मी एका कडेला. मला तीन महिन्यांनी परत टायटर करायचा आहे. १:३२ चा १:८ किंवा खाली यायला हवा म्हणाले, कधीकधी सहा महिनेही लागतात. टीपीएचए जन्मभर पॉझिटिव्ह राहील, त्याला घाबरायचं नाही. मेमधली तारीख तिनेच कॅलेंडरवर टाकली. काही लिहिलं नाही, नुसती फुली.

सुरतला निरोप गेला. उत्तर नाही आलं.

रक्तगट_ओ · २२ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

निरोप पाठवलात हे फार कमी लोक करतात.

नवा_गडी · १४ मार्च, दुपारी १:१०

धागा वर काढतोय. सलूनच्या ब्लेडने गरमी होते का? अर्जंट आहे.

खवचट_काका · १४ मार्च, दुपारी १:२२

पहिल्यापासून वाच रे बाबा, सगळं आहे. ब्लेड मात्र नवीनच लावायला सांग. गरमीसाठी नव्हे, काविळीसाठी.